दाह, नायट्रिक ऑक्साइड आणि ग्रीसची चाचणी

दाहावर काम करणाऱ्या आमच्यासारख्या संशोधकांचा बराचसा निर्णय एका गुलाबी रंगावर ठरतो. कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर पोषक द्रवात, वाढवलेल्या मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींना जीवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातले एलपीएस, द्यायचे, सुमारे २४ तास थांबायचे, पेशींवरचा द्रव ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या कप्प्यांच्या, प्लेटमध्ये घ्यायचा आणि त्यात ग्रीस या शास्त्रज्ञाचे रंग आणणारे अभिकारक मिसळायचे. दहा मिनिटांत रंग येतो, ५४० नॅनोमीटरला त्याचे शोषण मोजले की द्रवात नायट्राइट किती साठले ते कळते, आणि त्यावरून पेशींनी दाहाच्या वेळी किती नायट्रिक ऑक्साइड वायू तयार केला याचा अंदाज बांधता येतो. चाचणी स्वस्त आहे, जलद आहे आणि नवख्या विद्यार्थ्यालाही पहिल्या आठवड्यात जमते. माझे म्हणणे इतकेच आहे की हा रंग जेवढे सांगतो त्याहून पुष्कळ अधिक आपण त्याच्याकडून वदवून घेतो, आणि ‘रंग फिका झाला, म्हणजे दाह शमला’ हे वाक्य आमच्या क्षेत्रात जितक्या सहजपणे लिहिले जाते तितके ते सहज सिद्ध होत नाही.

ज्या योहान पेटर ग्रीस यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते, ते एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांनी डायझो संयुगांचा पाया घातला आणि त्यांची बहुतेक कारकीर्द इंग्लंडमधील एका बिअर कारखान्यात गेली. आपल्या अभिक्रियेचा उपयोग पुढे रोगप्रतिकारक पेशींसाठी होईल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. चाचणी नायट्राइट मोजते, नायट्रिक ऑक्साइड नव्हे. हा वायू एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढाच असतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि शरीरात तो फार तर काही सेकंद टिकतो, त्यामुळे कल्चरमध्ये आपल्या हाती लागते ते त्याच्या ऑक्सिडीकरणानंतर उरलेले नायट्राइट आणि नायट्रेट. राख मोजून आच किती होती हे ठरवण्यासारखे हे आहे: अंदाज बांधता येतो, पण आच केव्हा होती आणि तिच्यात काय भाजले गेले हे राख सांगत नाही.

नायट्रिक ऑक्साइडची रक्तवाहिन्यांच्या बाजूची कथा बहुतेकांना ठाऊक असते. १९८० मध्ये फर्चगॉट यांनी दाखवले की अंतःस्तराच्या, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या, पेशी शाबूत असतील तरच ॲसिटिलकोलीनमुळे धमनी सैलावते, पुढे तो सैलावणारा घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे स्पष्ट झाले आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला मात्र दुसरी कथा अधिक आवडते, कारण ती मूत्राच्या नमुन्यांपासून सुरू होते आणि तिच्यात कोणालाही नायट्रिक ऑक्साइड शोधायचा नव्हता.

आहारातून जेवढे नायट्रेट शरीरात जाते त्यापेक्षा जास्त मूत्रातून बाहेर पडते, हे निरीक्षण १९१६ मध्येच प्रसिद्ध झाले होते, पण त्याकडे कित्येक दशके कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे नायट्रेटपासून बनणाऱ्या नायट्रोसअमाइनांमुळे कर्करोग होऊ शकतो अशी धास्ती निर्माण झाली आणि एमआयटीमधील स्टीव्हन टॅननबॉम यांच्या गटाने शरीरातील नायट्रेटचा हिशेब पुन्हा काटेकोरपणे मांडला. १९८१ मध्ये त्यांनी दाखवले की माणूस स्वतः नायट्रेट तयार करतो, आणि आतड्यात एकही जीवाणू नसलेले उंदीरही ते तयार करतात, म्हणजे हे काम आतड्यातील जीवाणूंचे नव्हे. याच अभ्यासांच्या ओघात ताप आणि अतिसार झालेल्या एका व्यक्तीच्या मूत्रातील नायट्रेट एकाएकी खूप वाढलेले आढळले. असा विसंगत आकडा आजारपणाच्या सबबीखाली वगळून टाकणे सोपे होते. त्यांनी तसे न करता उंदरांना एलपीएस टोचले, आणि त्यांच्यातही नायट्रेट वाढले. १९८५ मध्ये स्ट्यूर आणि मार्लेटा यांनी हे नायट्रेट मॅक्रोफेज पेशी तयार करतात असे दाखवले, १९८७ मध्ये हिब्स यांच्या गटाने या पेशींना कर्कपेशी मारण्यासाठी एल-आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागते आणि त्यातून सायट्रुलीन व नायट्राइट उरते हे मांडले, आणि पुढच्याच वर्षी मधला दुवा नायट्रिक ऑक्साइड असल्याचे सिद्ध झाले. रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकार अशा दोन वेगळ्या वाटांनी चालणारी माणसे एकाच रेणूपाशी येऊन भेटली.

तरीही त्या दोन वाटांवरचा रेणू एकच असला तरी त्याची वागणूक एक नाही. चेतापेशींतील आणि अंतःस्तरातील, नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एन्झाइम कॅल्शियम वाढले की क्षणभर काम करतात आणि थांबतात. दाहातील एन्झाइम, ज्याला आम्ही आय-नॉस म्हणतो, ते शांत मॅक्रोफेजमध्ये जवळजवळ नसतेच. एलपीएस किंवा इंटरफेरॉन-गॅमा हे रोगप्रतिकारक पेशींचे संदेशवाहक प्रथिन मिळाल्यावर त्याचे जनुक चालू होते, प्रथिन बनायला काही तास लागतात, पण एकदा बनले की कॅल्मोड्युलिन, म्हणजे एरवी कॅल्शियमच्या इशाऱ्याने एन्झाइम चालू करणारे प्रथिन, त्याला इतके घट्ट चिकटलेले असते की कॅल्शियमची वाट न पाहता ते आर्जिनिन पुरेल तोवर कित्येक तास काम करत राहते. त्याच पेशी सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा क्रियाशील प्रकारही सोडत असतील तर दोघांच्या अतिशय वेगवान संयोगातून पेरॉक्सीनायट्राइट बनते, आणि ऊतकांची जी हानी सरसकट नायट्रिक ऑक्साइडच्या नावावर मांडली जाते तिचा मोठा भाग या संयुगाचा असतो. उलट अंतःस्तरातून झिरपणारा अल्पसा नायट्रिक ऑक्साइड पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही, हे १९९१ पासून ठाऊक आहे. म्हणजे एका ठिकाणी तो दाहाचे हत्यार आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दाहाला मज्जाव करणारा पहारेकरी.

हे लक्षात ठेवून ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने नायट्रिक ऑक्साइड कमी झाला’ अशा धर्तीचे शोधनिबंध वाचले की प्रश्न पडू लागतात. परीक्षणासाठी माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत ही जातकुळी ठळकपणे असते. अर्काने पेशीच मारल्या तर नायट्राइट कमी होणारच, म्हणून पेशींची जीवनक्षमता त्याच मात्रेला आणि त्याच वेळेला मोजलेली असली पाहिजे. अर्क स्वतः रंगीत असेल तर ५४० नॅनोमीटरचा आकडा विश्वासार्ह राहत नाही. अर्क आणि एलपीएस एकाच वेळी दिले असतील तर अर्काने एलपीएसलाच बांधून ठेवले असण्याची शक्यता उरते, आणि ती तपासण्यासाठी अर्क आधी देऊन, पेशी धुऊन, मग एलपीएस द्यावे लागते. अर्कातील पॉलिफिनॉलांनी तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड केवळ टिपून घेतला असेल, तर पेशीच्या दाहप्रक्रियेला धक्काही लागलेला नसतो. यावर मला सर्वांत उपयुक्त वाटणारा उपाय अगदी साधा आहे: आय-नॉस पूर्णपणे तयार झाल्यावर, म्हणजे एलपीएस दिल्यानंतर बऱ्याच तासांनी, अर्क द्यावा. तेव्हाही नायट्राइट तितकेच घटले तर जनुकावरील परिणामाचा दावा मागे घ्यावा लागतो. उलट बाजूचा सापळाही आहे. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारा’ म्हणून गाजणारा अर्क पुष्कळदा जीवाणूंच्या अवशेषांनी दूषित असतो आणि पेशी अर्काला नव्हे, त्यातील एलपीएसला प्रतिसाद देत असतात. एलपीएसला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी घालून पाहिले की अशा अर्कांची शक्ती अनेकदा ओसरते.

तक्रार केवळ प्रयोगशाळेतील शिस्तीपुरती असती तर मी ती परीक्षकाच्या शेऱ्यांपुरतीच ठेवली असती. पण नायट्रिक ऑक्साइड कमी करणे म्हणजे दाह कमी करणे, हे गृहीतक रुग्णांवरही तपासले गेले आहे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे गंभीर संसर्गाने रक्ताभिसरण ढासळते तेव्हा, आय-नॉसमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो, म्हणून नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे सर्वच एन्झाइम रोखणारे एल-एनएमएमए हे संयुग ७९७ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. रक्तदाब अपेक्षेप्रमाणे सुधारला. मृत्यू मात्र वाढले: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात ४९ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात ५९ टक्के होते, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली होती. अंतःस्तराचा पहारेकरीही त्याच औषधाने हटवला गेला, हे त्याचे एक सयुक्तिक स्पष्टीकरण आहे.

फक्त आय-नॉस रोखले तर? दम्यात हा प्रश्न फार स्वच्छपणे विचारता आला, कारण तेथे नायट्रिक ऑक्साइड थेट उच्छ्वासात मोजता येतो. दम्याच्या रुग्णांच्या श्वासात तो वाढलेला असतो हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कळले, आणि आज प्रौढांमध्ये २५ पीपीबीखालचा (एक अब्ज भागांत २५ भागांहून कमी) आकडा कमी आणि ५० च्या वरचा जास्त मानून स्टेरॉइडचा उपयोग होईल की नाही याचा अंदाज डॉक्टर बांधतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आय-नॉसपुरते मर्यादित असे जीडब्ल्यू-२७४१५० हे औषध दिल्यावर उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड खरोखरच घसरला, परंतु ॲलर्जीकारकाने होणारे श्वासनलिकांचे आकुंचन आणि त्यांतील दाहपेशी यांत काहीही फरक पडला नाही. सूचक म्हणून उत्तम असलेला रेणू उपचाराचे लक्ष्य म्हणून निरुपयोगी ठरू शकतो, याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल आम्ही आपापसांत बोलतो पण निबंधांच्या प्रस्तावनेत ती क्वचितच येते. आमच्या बहुतेक प्लेटमधील आरएडब्ल्यू २६४.७ पेशी उंदराच्या आहेत. माणसाच्या रक्तातून वाढवलेल्या मॅक्रोफेज पेशींना तेच एलपीएस दिले तर ग्रीसच्या चाचणीत रंग जवळजवळ येतच नाही. क्षयरुग्णांच्या फुप्फुसांतील मॅक्रोफेजमध्ये आय-नॉस सापडले आहे, त्यामुळे माणसात ते नसतेच असे म्हणता येणार नाही, पण उंदराच्या पेशींतील आकडा माणसाच्या दाहावर जसाच्या तसा लावणेही योग्य नाही. त्या उंदरांतही चित्र दुहेरी आहे. आय-नॉसचे जनुक काढून टाकलेले उंदीर क्षयाच्या जंतूंपुढे तग धरत नाहीत, आणि २०१३ मध्ये असे दिसले की याचे कारण जंतू मरत नाहीत एवढेच नाही: नायट्रिक ऑक्साइड एनएलआरपी-३ या प्रथिनाला लगाम घालून इंटरल्युकिन-१ बीटा या दाह पेटवणाऱ्या संदेशवाहकाचे उत्पादन आटोक्यात ठेवतो, आणि तो नसला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात.

या निष्कर्षानंतर आमच्या गटातील प्रयोगांची मांडणी बदलली. एलपीएसबरोबरच अवरोधक देण्याऐवजी १४००-डब्ल्यू हे आय-नॉसचे निवडक अवरोधक आम्ही वेगवेगळ्या तासांना देतो, आणि प्रत्येक वेलमधील नायट्राइटसोबत त्याच वेलमधील इंटरल्युकिन-१ बीटा, आय-नॉसचे प्रथिन आणि जिवंत पेशींचे प्रमाण मोजतो. त्याला समांतर असे माणसाच्या श्वासनलिकेतील आवरणपेशींचे कल्चर ठेवले आहे, कारण दम्यात श्वासातील नायट्रिक ऑक्साइडचा मोठा भाग तेथून येतो. या पेशी हवेच्या संपर्कात ठेवून प्रौढ व्हायला तीन-चार आठवडे घेतात, महाग पडतात आणि विद्यार्थ्यांच्या संयमाची परीक्षा पाहतात, त्यामुळे दर तिमाहीच्या बैठकीत कोणीतरी उंदराच्या पेशींवरच थांबण्याचा प्रस्ताव मांडतो आणि दर वेळी मी तो नामंजूर करते.