ख्रिसमस कॅक्टसला रात्र द्या

सप्टेंबर संपत आला की इथे न्यू जर्सीत ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, ख्रिसमस कॅक्टस मस्त हिरवागार आहे, कुंडीभर लोंबतोय, पण फूल काही येत नाही, कुठलं खत घालू? माझं उत्तर दरवर्षी तेच, की खत अजिबात नको, उलट सप्टेंबरपासून खत बंद करा. या झाडाला हवी असते ती रात्र. खरीखुरी काळोखी, जरा गार रात्र, आणि तीही सलग सहा आठवडे.

कॅक्टस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फोंड्या माळावरचा निवडुंग येतो आणि मग आपण त्याला कडक उन्हात ठेवतो, पाणी तोडतो. पण हे झाड वाळवंटातलं नाहीच. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या मागच्या डोंगरांत, ढग उतरतात अशा दमट जंगलात, झाडांच्या खोडांवर आणि शेवाळलेल्या कपारींमध्ये ते वाढतं. आपल्याकडे घरोघरी जे ब्रह्मकमळ म्हणून लावतात ना, पानातून फूल येणारं, रात्री उमलणारं, ते याचंच चुलत भावंड, तेही झाडावर वाढणारं जंगली कॅक्टसच. दोघांचीही जी पानं वाटतात ती पानं नसून चपटी खोडं आहेत. ख्रिसमस कॅक्टसचं खोड पेरापेरांचं असतं आणि कळी येते ती शेवटच्या पेराच्या टोकाला. ब्राझीलमध्ये हे मे महिन्यात फुलतं, कारण तिकडे तेव्हा दिवस लहान व्हायला लागलेले असतात. आपण विषुववृत्ताच्या वर राहतो म्हणून आपल्याकडे ते नोव्हेंबर-डिसेंबरात येतं, एवढंच. झाड कॅलेंडर बघत नाही, अंधार किती तास सलग मिळाला ते मोजतं.

हे मोजणं खरंच होतं. झाडात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, त्याला लाल प्रकाश लागला की दिवस आहे असं झाडाला कळतं. त्यामुळे मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी झाडाच्या हिशेबात ती मोठी रात्र मोडते आणि दोन छोट्या रात्री होतात. गावाकडे पॉलीहाऊसमध्ये शेवंती करणारे शेतकरी हे चांगलं ओळखून असतात, फूल लांबवायचं तर रात्री बल्ब लावायचे आणि लवकर हवं तर काळा कपडा ओढायचा. शेवंती आणि ख्रिसमस कॅक्टस या बाबतीत एकाच वळणाचे.

आता आपल्या घरांचं बघा. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातनंतर उगवतो, म्हणजे बाहेर जवळजवळ तेरा तासांची रात्र फुकट मिळते आहे. आणि घरात? किचनचा लाइट अकरापर्यंत, मुलांचा होमवर्क, टीव्ही, मग रात्री उशिरा इंडियाला कॉल, त्यात देवघरातला छोटा बल्ब रात्रभर चालू. झाड बहुतेक वेळा ठेवलेलं असतं किचनच्या खिडकीत, कारण तिथे ते छान दिसतं, आणि ऐन त्या सहा आठवड्यांत घरातली सगळ्यात वाईट जागा तीच. म्हणून माझं म्हणणं असं की घरातली जी खोली संध्याकाळनंतर कोणी वापरत नाही तिथे कुंडी न्या. आमच्याकडे ती गेस्ट बेडरूम आहे, पूर्वेची खिडकी, हीटरचं व्हेंट बंद, दार ओढलेलं. दिवसा भरपूर उजेड मिळतो आणि सहानंतर तिथे लाइट लावायचा नाही हे आता मुलांनाही माहीत आहे. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल तर जाड पडदा लावा. अशी खोलीच नसेल तर संध्याकाळी सहाला मोठा खोका पालथा घाला आणि सकाळी आठला काढा. मात्र काढायला विसरू नका हं, काही लोक कुंडी सहा आठवडे कपाटातच ठेवतात, तसं चालत नाही, दिवसा उजेड पाहिजेच.

तेरा-चौदा तास अंधार आणि रात्रीचं तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस, म्हणजे इथल्या भाषेत साठ-पासष्ट फॅरनहाइट, असं जमलं की काम झालं. रात्री २१ अंशांच्या वर, सत्तर फॅरनहाइटच्या पुढे घर गरम राहत असेल तर अंधार देऊनही कळ्या कमी धरतात किंवा धरतच नाहीत. आणि गंमत म्हणजे रात्री १० ते १३ अंश इतकं गार मिळालं तर अंधाराचं एवढं कडक पथ्य पाळावं लागत नाही, झाड थंडीवरच कळ्या धरतं. आमच्या शेजारच्या आजी आहेत, अमेरिकन, त्यांच्याकडे त्यांच्या आईच्या वेळचं झाड आहे, खोड खाली चक्क लाकडासारखं झालंय. त्या काहीही करत नाहीत आणि दर वर्षी ते झाड फुलांनी वाकतं. कारण ते असतं घराच्या मागच्या काचेच्या पोर्चमध्ये, तिथे हीटर नाही, दिवा नाही. पुण्यात माझ्या मावशीच्या बाल्कनीतही ते आपणहून फुलतं, कारण हिवाळ्यात पुण्याच्या रात्री बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतात. मुंबईवाल्यांना मात्र रात्र तेवढी गार मिळत नाही, त्यांनी अंधाराकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

कधी सुरू करायचं हे लक्षात राहावं म्हणून मी आपल्या सणांशी बांधून घेतलंय. घट बसले की कुंडी आत आणि त्रिपुरी पौर्णिमेला बाहेर, बरोबर सहा आठवडे आणि वर दोन-तीन दिवस. अधिक महिन्याच्या वर्षी नवरात्र पार ऑक्टोबरच्या मध्यावर जातं, तेव्हा तिथीची वाट न बघता सप्टेंबरअखेर सुरू करा. आणि अखंड दिवा असेल त्या खोलीत कुंडी नको.

या काळात पाणी कमी, पण बंद नाही. बोटाचं पेर मातीत घालून बघा, वरची माती कोरडी लागली की घाला, बशीत साचलेलं ओतून टाका. पेरं सुरकुतायला लागली तर तहान लागली समजा. अजून एक गोष्ट मी सप्टेंबरात करते, फांद्यांच्या टोकाला नुकतं फुटलेलं, एक सेंटिमीटरपेक्षा लहान, कोवळं पोपटी पेर असेल तर ते अलगद पिळून काढून टाकते. कळी पिकलेल्या पेरावरच धरते, कोवळ्यावर नाही, त्यामुळे ते ठेवलं तर ती फांदी फुलाविना जाते.

मग एके दिवशी टोकाला, जिथे बारीक केसांची लव असते तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढा लालसर ठिपका दिसतो. नवीन पेर फुटतंय की कळी आहे हे सुरुवातीला कळत नाही, पण चार दिवस थांबा, चपटं होत गेलं तर पेर, गोल राहून टोकदार झालं तर कळी. मी भिंग घेऊन बघते आणि प्रत्येक वेळी तेवढाच आनंद होतो. कळ्या एकदा नीट दिसायला लागल्या की अंधाराचं पथ्य संपलं, कुंडी हॉलमध्ये आणा, सगळ्यांना बघू दे.

फक्त आता तिला सारखी हलवू नका. कळ्या गळतात त्या बहुतेक या टप्प्यावर, कुंडी हीटरजवळ गेली, दार उघडल्यावर गार झोत लागला, माती ठणठणीत वाळली, किंवा शेजारी केळी-सफरचंदांची परडी होती म्हणून. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कळ्या झडतात, हे खरं आहे, फळं लांब ठेवा. नोव्हेंबरात दुकानातून कळ्यांसकट आणलेलं झाडही घरी आल्यावर याचसाठी कळ्या टाकतं, जागा, हवा, उजेड सगळंच एका दिवसात बदललेलं असतं त्याचं.

आणि हो, दुकानात मिळतो तो बहुतेक वेळा थँक्सगिव्हिंग कॅक्टस असतो. पेरांच्या कडांना टोकदार दात असतील आणि परागकण पिवळे असतील तर तो तोच, तो महिनाभर आधी फुलतो. कडा गोलसर आणि परागकण जांभळट असतील तर खरा ख्रिसमस कॅक्टस, हा ब्राझीलच्याच दोन जंगली जातींचा संकर, इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विल्यम बकली या माळ्याने केलेला, आणि जुन्या घरांतून आईकडून मुलीकडे जाणारी झाडं बहुतेक हीच. अंधाराचा नियम दोघांना सारखाच, त्यामुळे तुमचं कुठलं का असेना, काळजी नको.

फुलं संपली की महिनाभर पाणी थोडं कमी ठेवा, झाडाला दम खाऊ द्या. मार्च-एप्रिलमध्ये नवी फूट यायला लागली की खत सुरू करा, आणि फार वाढलं असेल तर तेव्हाच पेरं पिळून छाटा, म्हणजे एकाला दोन फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी टोकं जास्त म्हणजे कळ्या जास्त. मोठ्या कुंडीची घाई करू नका, मुळं जरा दाटीत असलेलीच याला आवडतात. काढलेली तीन-तीन पेरांची तुकडी एक-दोन दिवस सावलीत सुकवून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात खालचं पेर अर्धं बुडेल एवढी खोचा, बहुतेक सगळी जगतात. माझ्याकडे या वर्षीची खिडकीत लावून तयार आहेत, जवळपास राहत असाल तर येऊन घेऊन जा, दोन्ही प्रकारची आहेत.