ठिपक्यांची चांदणी

त्या दिवशी दुपारी रोप क्रमांक ४१७चे भवितव्य ठरणार होते. ते कलमांपासून वाढवून बागेसाठीचा नवा वाण म्हणून मोठ्या चाचणीत उतरवायचे की नाही, एवढाच प्रश्न बैठकीपुढे होता आणि माझ्या मनात त्याचे उत्तर केव्हाच तयार होते. सकाळी मी हरितगृहात गेलो तो केवळ कलमांची शेवटची मोजणी करून आकडे वहीत उतरवून घेण्यासाठी.

४१७ हे चांदणी पेटुनियाच्या कुळातले रोप होते. या प्रकारात गडद फुलाच्या मध्यापासून कडेकडे पाच पांढरे पट्टे निघतात आणि फूल लांबूनही चांदणीसारखे दिसते. बागेत लावणाऱ्याला हे फूल आवडते, पैदासकाराला मात्र ते रडवते, कारण चांदणी स्थिर राहत नाही. उष्णता आणि उजेड यांप्रमाणे पट्टे रुंदावतात किंवा आक्रसतात. एकाच रोपावर आज नेटकी चांदणी, तर पंधरवड्याने जवळजवळ पूर्ण जांभळे फूल, असे सर्रास घडते. पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत जिची चांदणी सारखी राहील, जी पसरट वाढेल आणि पावसाच्या एका सरीने जिची फुले लगदा होऊन चिकटणार नाहीत, अशी पेटुनिया आम्हाला हवी होती. मोठ्या फुलांच्या पेटुनियात ही शेवटची अट पाळणे फार अवघड असते, म्हणून आम्ही मध्यम आकाराच्या फुलावर समाधान मानले होते.

हे काम बाहेरून वाटते तितके रम्य नसते. कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी तिची नळी चिमट्याने चिरायची, आतले पाचही परागकोश फुटण्याआधी काढून टाकायचे, कुक्षी ओलसर आणि चकचकीत दिसू लागली की हव्या त्या नराचे पराग तिच्यावर टेकवायचे, टॅग बांधायचा आणि पुढच्या कळीकडे वळायचे. पेटुनियाचे सारे अंग चिकट लवेने भरलेले असल्यामुळे संध्याकाळपर्यंत बोटे, चिमटा आणि पेन्सिल एकमेकांना चिकटू लागतात. महिन्याभराने बोंड वाळते आणि त्यातून निघते ते बी धुळीसारखे असते. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० दाणे बसतात. असा एक संकर करून त्यापुढे आम्ही स्वपरागणाच्या पिढ्या घेत होतो आणि ४१७ सापडले ते सहाव्या पिढीत.

त्या वाफ्यातल्या साऱ्या बहिणी एकसारख्या दिसू लागल्या होत्या. आमच्या धंद्यात ही समाधानाची बाब असते, पण पाहणाऱ्याला त्यात काही गंमत नसते. त्यांच्यात ४१७ एकदम उठून दिसले. तिच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जांभळे ठिपके आणि फराटे होते, जणू कोणी भिजलेला कुंचला झटकला असावा. एका फुलासारखे दुसरे नाही. मी गुडघ्यांवर बसून ते रोप किती वेळ पाहिले ते आठवत नाही, पण उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते. आमच्या वरिष्ठ मॅडमनी ते पाहिले आणि एवढेच विचारले, “कशामुळे झाले?”

प्रश्न रास्त होता आणि त्याची तीन संभाव्य उत्तरे माझ्याकडे होती. पहिले हवामान, पण शेजारची रोपे त्याच उन्हात नेटकी चांदणी धरून होती, तेव्हा ते बाद झाले. दुसरे उडते जनुक. पेटुनियात गुणसूत्रावर जागा बदलणारे डीएनएचे तुकडे आहेत आणि असा तुकडा रंगाच्या जनुकातून निघून गेला की त्या पेशीच्या वंशजांचा रेखीव ठिपका उमटतो. तिसरे म्हणजे खोडाच्या शेंड्यातल्या पेशींच्या एखाद्याच थरात घडलेले उत्परिवर्तन, ज्याला आम्ही कायमेरा म्हणतो.

मी एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. रोपाचे ४० शेंडे खुडून कलमे लावली आणि त्याच रोपावर स्वपरागणाची बोंडे धरली. कलमे मुळावली, फुलली आणि चाळीसच्या चाळीस कलमांवर ठिपके उतरले. बियांपासून मात्र ५८ रोपे फुलली आणि त्यांतल्या एकावरही ठिपका नव्हता. सगळ्या साध्या, शहाण्या चांदण्या. याचा अर्थ मला स्वच्छ दिसला. पाकळीचा रंग मुख्यतः बाहेरच्या थरातल्या पेशींत असतो, तर पराग आणि बीजांडे साधारणपणे त्याच्या आतल्या थरातून घडतात. बदल केवळ बाहेरच्या थरात झाला असेल, तर तो कलमात टिकेल आणि बियांत हरवेल. कायमेरा! कोडे इतके चोख सुटले की पुढे शोधण्याची गरजच उरली नाही. बियांचा वाण होणार नसला तरी कलमांचा होईल, असे मी मॅडमना सांगितले आणि त्यांनी बैठक ठेवली.

एक गोष्ट मी वहीत लिहिली होती आणि तिचा विचार केला नव्हता. ४१७ची कोवळी पाने किंचित पिवळट, फिकट दिसत होती. पेटुनियाला लोह शोषून घेणे मुळात जड जाते. कुंडीतल्या माध्यमाचा सामू, म्हणजे पीएच, साडेसहाच्या वर गेला की नवी पाने पिवळी पडतात, हे या पिकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. मी रोपाला सहज घेता येणारे चिलेटयुक्त लोह दिले, शेरा लिहिला आणि पान उलटले. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्या मधला भाग पिवळा पडतो. ४१७च्या पानांवर शिरांशी संबंध नसलेले वेडेवाकडे फिकट पट्टे होते. हा फरक मी विद्यार्थ्यांना शिकवलेला आहे.

तर त्या सकाळी मी मोजणी करत असताना रोपांना पाणी घालणाऱ्या आणि वाळलेली फुले खुडणाऱ्या मावशींनी मला हाक मारली. कलमांच्या शेजारच्या मांडणीवर लाल चांदणीच्या एका वेगळ्या कुळाच्या कुंड्या होत्या. त्यांतली कडेची कुंडी त्यांनी उचलून माझ्यासमोर धरली.

“सर, तुमच्या जांभळ्याचं या लालला लागलंय बघा.”

लाल चांदणीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लाल ठिपके होते. तोच झटकलेला कुंचला, फक्त रंग वेगळा.

मावशींनी शब्द वापरला होता ‘लागलंय’. खोकला लागतो, खरूज लागते, तसे. कायमेरा शेजारच्या कुंडीत उडी मारत नाही. उडते जनुकही एका रोपातून उडून दुसऱ्या कुळातल्या रोपात बसत नाही. एका रोपाकडून दुसऱ्याकडे जाते ते एकच, आणि ते नाव मनात येताच चाळीस कलमे या हरितगृहात मी स्वतःच्या हाताने आणून मांडली आहेत, हेही त्याच क्षणी आठवले. मी लाल कुंडीचे पान उलटून पाहिले. मागे मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, होता; फार नव्हता, पण होता. त्याच मांडणीवर आणखी तीन कुंड्यांमध्ये एखाद-दुसरे ठिपक्यांचे फूल निघाले.

“मावशी, हे कधीपासून दिसतंय?”

“आठवडा झाला असेल. मला वाटलं, तुम्हीच केलंय.”

प्रयोगशाळेत विषाणू ओळखण्याच्या तपासणीपट्ट्या होत्या. पानाचा तुकडा द्रावणाच्या पिशवीत चुरडायचा, पट्टीचे टोक त्यात बुडवायचे आणि थांबायचे. तपासणी नीट झाल्याची खूण म्हणून एक रेघ उमटतेच. दुसरी उमटली तर विषाणू आहे. मी तंबाखूच्या मोझॅक विषाणूची आणि काकडीच्या मोझॅक विषाणूची अशा दोन पट्ट्या लावल्या. पहिलीवर एकच रेघ आली. दुसरीवरची दुसरी रेघ इतक्या लवकर आणि इतकी ठळक आली की मी वेळ पुन्हा पाहिली. ४१७, तिची तपासलेली सगळी कलमे आणि ती लाल कुंडी, सर्वांचा निकाल तोच होता. बियांपासूनच्या साध्या चांदण्यांपैकी मी दहा तपासल्या; त्या स्वच्छ होत्या.

यातला विनोद असा की तंबाखूच्या विषाणूसाठी आमच्याकडे कडक शिस्त आहे. तंबाखू हाताळलेल्या हातांनी पेटुनियाला शिवायचे नाही, साबणाने हात धुतल्याशिवाय मांडणीजवळ जायचे नाही, हत्यारे विषाणूनाशक द्रावणात बुडवायची. त्या दारावर आम्ही पहारा देत बसलो आणि दुसरा विषाणू माव्याच्या सोंडेवर बसून आत आला. त्याला हजाराहून अधिक जातींच्या वनस्पती चालतात आणि मावा रोगट पानात सोंड खुपसून काही क्षणांतच तो उचलतो. बाहेरच्या वाफ्यात कुठल्यातरी तणावरून तो ४१७वर आला असणार.

आता मॅडमच्या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत होते आणि ते मी शोधलेल्या तिन्ही उत्तरांपेक्षा सुंदर होते, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. पेटुनियाच्या जांभळ्या रंगासाठी चाल्कोन सिन्थेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. १९९० मध्ये नापोली, लेमियू आणि जॉर्गेन्सन या संशोधकांनी रंग अधिक गडद व्हावा म्हणून पेटुनियात या विकराच्या जनुकाची जादा प्रत घातली, तेव्हा अनेक रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या नक्षीची फुले आली. घातलेले जनुक आणि मूळचे जनुक दोन्ही गप्प झाली होती. जनुकाचा संदेश वाहणारे आरएनए पेशी स्वतःच कापून टाकते, हे त्यामागचे कारण पुढे उलगडले आणि प्राण्यांमधील अशाच यंत्रणेच्या शोधासाठी फायर आणि मेलो यांना २००६चे नोबेल पारितोषिक मिळाले. चांदणी पेटुनिया मात्र बाहेरून जनुके घालण्याचे तंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून हेच करत आली आहे. तिच्यात या जनुकाच्या दोन प्रती एकापुढे एक बसलेल्या असतात आणि पांढऱ्या पट्ट्यांमध्ये त्यांचा आवाज दाबला जातो. पट्टा पांढरा असतो तो रंगाचे जनुक नाही म्हणून नव्हे. जनुक तिथे असते, त्याला बोलू दिले जात नाही.

आरएनए कापण्याची ही यंत्रणा वनस्पतीने बाळगली आहे ती मुख्यतः विषाणूंशी लढण्यासाठी. साहजिकच विषाणूंनीही तिला निकामी करणारी प्रथिने कमावली आहेत आणि काकडीच्या मोझॅक विषाणूकडे असे एक चांगले तयारीचे प्रथिन आहे. तो पाकळीत शिरला, रोपाची कात्री बोथट झाली, आणि जिथे जिथे ती बोथट झाली तिथे तिथे दाबलेले जनुक बोलू लागले. ठिपके म्हणजे रोपाच्या पराभवाचा नकाशा होता. कलमांत रस जातो, म्हणून कलमांत विषाणू गेला आणि ठिपके गेले. माझ्या ५८ बियांमधून तो उतरला नव्हता, म्हणून ती रोपे साधी निघाली. माझ्या कायमेराच्या सिद्धान्तात यातला प्रत्येक पुरावा बसत होता, फक्त शेजारची लाल कुंडी बसत नव्हती.

बैठक झाली, पण दहा मिनिटांत संपली. मी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. एका सहकाऱ्याने अर्धवट गमतीने सुचवले की फुले दिसतात तर छान, मग विकायला काय हरकत आहे? मॅडमनी त्याला ट्युलिपची गोष्ट सांगितली. १७व्या शतकात हॉलंडमध्ये ज्या रेषारेषांच्या ट्युलिपच्या कंदांसाठी माणसे वेडी झाली होती, त्यांची ती नक्षी माव्यातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होती; ती एका कंदाकडून दुसऱ्याला लागते, हे १९२८ मध्ये डोरोथी केली यांनी दाखवून दिले. आणि ते कंद पिढीगणिक दुबळे होत जात. “आणि आपले फूल,” त्या म्हणाल्या, “ज्या बागेत जाईल तिथल्या काकडीला, टोमॅटोला आणि मिरचीलाही हा प्रसाद देईल.” त्यावर कोणी बोलले नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही चाळीस कलमे, मूळचे ४१७, लाल कुंडी आणि तिच्यासारख्या तीन कुंड्या पिशव्यांमध्ये बंद करून बाहेर काढल्या; कंपोस्टच्या ढिगावर काहीही टाकले नाही. मावशींना मी पिशवीचे तोंड धरायला सांगितले आणि कुंड्या स्वतः उपटल्या. शेवटच्या कलमावर त्या दिवशी उमललेले फूल अप्रतिम होते. ते मी खुडून वहीत ठेवावे असे मनात आले, पण वही घेऊनच मी दररोज सगळ्या मांडण्यांपाशी फिरतो, हे लक्षात आल्यावर हात मागे घेतला. पुढचे दोन महिने माव्याचा बंदोबस्त, मातृरोपांची एकेक तपासणी आणि पुन्हा तपासणी यांत गेले. आणखी सहा रोपे बाधित निघाली. त्यांतल्या दोघांवर एकही ठिपका नव्हता.

मूळ कुळ वाचले, कारण त्याचे बी आधीच्या पिढीपासून थंड साठवणीत होते. त्यातून पुन्हा वाफा लावला आहे आणि चांदणीचा पट्टा उन्हाळ्यात फिसकटण्याची जुनी तक्रार अजून तशीच आहे. एक बदल मात्र झाला. निवडलेल्या रोपाच्या नोंदीच्या छापील तक्त्यात आमच्याकडे वाढीची सवय, फुलाचा व्यास, पट्ट्याची रुंदी, पावसानंतरची स्थिती असे रकाने होते. त्या वर्षी नवा तक्ता छापताना मी शेवटी आणखी एक रकाना घातला आणि त्याच्या मथळ्यासाठी शास्त्रीय संज्ञा शोधत बसलो नाही. तिथे छापले आहे: ‘शेजारच्याला लागले का?’