ओझीनंतरचा सॅबथ

आज दुपारभर दांडिया बाजारात ताईकडे भाच्यासोबत ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा 'हेवन अँड हेल' हा अल्बम ऐकला. अजून कानातून जात नाहीये.

१९७९ मध्ये बँडने गायक ओझी ऑस्बॉर्नला काढलं आणि त्याच्या जागी रेनबो हा बँड सोडलेला रॉनी जेम्स डिओ आला. १९८० मध्ये हा अल्बम. ओझी बऱ्याचदा गिटारवादक टोनी आयोमीच्या रिफबरोबरच (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) गायचा, 'आयर्न मॅन'मध्ये तर गिटारची आणि गाण्याची चाल एकच. डिओ रिफला चिकटत नाही, तिच्यावरून मोकळा गातो. त्यामुळे आयोमीलाही वेगळं वाजवावं लागलं, आणि ते ऐकू येतं.

शीर्षकगीतच घ्या. कडवं सुरू झालं की गिटार मागे सरते, खाली गीझर बटलरचा बास एकसारखा धडधडत राहतो आणि वर फक्त डिओचा आवाज. भाच्याने तेवढाच तुकडा परत परत लावला, बोटं मांडीवर बासच्या ठेक्यात. मग म्हणाला, "मामा, सगळ्यांनी त्याला जागा करून दिलीये."

अगदी बरोबर बोललं पोरगं.

ताई शास्त्रीय शिकलेली. चहा घेऊन आली, दारातच थांबून ऐकलं आणि म्हणाली, "आवाजाची फेक काय आहे रे याची!" मला फार बरं वाटलं.

ओझीवर माझा जीव आहेच. पण या अल्बममध्ये त्याची उणीव एकदाही भासत नाही. पुढच्या रविवारी 'मॉब रूल्स', १९८१ चा. तोवर ड्रमवर बिल वॉर्डच्या जागी विनी अपिसी आला होता.