उपासाच्या नावाखाली

स्वतःला इजा करणं म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र यायचं, हातावर ब्लेड. माझ्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता, म्हणून तीन वर्षं मी जे करत होते त्याला काही नाव आहे हे मला कळलंच नाही. घरात त्याला उपास म्हणायचे, आणि कौतुक व्हायचं.

मी अमळनेरची. लग्न झालेलं नाही, आईवडलांजवळच राहते. नाना एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले तेव्हा हातात जे पैसे आले त्यातले नऊ लाख मी जिथे क्लार्क होते त्या पतसंस्थेत ठेवले, माझ्या सांगण्यावरून, बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त म्हणून. पावती मीच माझ्या हाताने लिहिली होती. जळगाव जिल्ह्यात ठेवी अडकलेली किती घरं आहेत हे इकडच्या कोणाला सांगायला नको, आमचं त्यातलं अजून एक. शाखेला कुलूप लागलं, ठेवीदार घरी येऊन बसायचे, मला म्हणायचे ताई तुमच्याकडं बघून पैसे ठेवले होते. नाना एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं.

तेव्हा सुरू झालं. आधी सोमवार, मग शनिवार, मग चतुर्थी, एकादशी. मंगळवार पण धरला आणि त्याचा तर फारच उपयोग झाला, कारण आमच्या गावात मंगळग्रहाचं मंदिर, तेहतिशीची बिनलग्नाची पोरगी मंगळवार करते म्हटल्यावर सगळ्या गल्लीने आपलं आपलं उत्तर काढून घेतलं, मला कोणी काही विचारलंच नाही. लोकांना कारण मिळालं की ते पुढे बघत नाहीत. खरं कारण असं होतं की नानांच्या समोर ताटावर बसलं की घास उतरायचा नाही, वाटायचं यांचे नऊ लाख खाल्ले आता भाकर पण खाते का. भुकेने पोटात कालवलं की उलट बरं वाटायचं, हलकं वाटायचं, आज थोडं फेडलं असं. शेजारची काकू म्हणायची पोर किती श्रद्धाळू, वाडीतल्या महाराजांचं दर्शन चुकवत नाही. मी देवाला काही मागतच नव्हते, कोणाच्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे.

एकट्या मायला खटकायचं. एकदा म्हणाली, "आज कोणता वार शे व, तू ते रोजच उपास धरी ऱ्हायनी." मी तिच्यावर एवढी भडकले की ती परत बोलली नाही. त्या भडकण्याकडे तेव्हाच बघायला पाहिजे होतं, पण ते नंतर कळलं.

दुसरी गोष्ट गोळीची. मला थायरॉईड आहे, सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बाकी काही नाही. ती मी घ्यायचे बंद केलं. विसरायचे नाही, घ्यायचेच नाही, बाटली उघडून गोळी काढून बेसिनमधे टाकायचे. कशासाठी? विचाराल तर धड उत्तर नाही, माझ्यावर पैसे कशाला खर्च करायचे असं काहीतरी. केस गळाले, तोंड सुजल्यासारखं झालं, मे महिन्यात आख्खं खान्देश भाजत असतं आणि मी पंखा बंद करायला लावायचे. डॉक्टर टेस्ट करायचे, टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉईड कमी पडतंय, डोस वाढवायचे, पन्नासची पंचाहत्तर, पंचाहत्तरची शंभर, दीड-दोन महिन्यांनी परत टेस्ट, परत वाढलेलं. शेवटचा रिपोर्ट ३८ आला, नॉर्मल साधारण चार-साडेचारच्या आत असतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, गोळी विसरता की घेत नाही? फक्त एवढंच. आजपर्यंत सगळे विचारायचे वेळेवर घेता ना, त्याला हो म्हणणं सोपं असतं. या प्रश्नाला हो म्हणताच येत नव्हतं. मी काही बोलले नाही, रडायला लागले, बाहेर पेशंटची रांग, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. ते म्हणाले घेत नसाल तर मला सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी डोस वाढवत जाईन आणि एक दिवस तुम्ही शहाण्यासारख्या पूर्ण गोळी घ्यायला लागाल तर तो डोस तुमच्या हृदयाला झेपणार नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डोस परत खाली आणला आणि एका चिठ्ठीवर १४४१६ लिहून दिलं, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो. (हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मला २०२४ पर्यंत माहीत नव्हता.)

चिठ्ठी पर्समधे पडून राहिली. भीती दोन गोष्टींची, एक म्हणजे गावात कळेल, दुसरी पोलीस. आमच्याकडे पक्का समज की असलं काही तोंडातून काढलं की केस होते. मला मरायचं होतं असं पण नव्हतं, पण सकाळी उठलेच नाही तर बरं असं रोज वाटायचं, तेच सांगायची भीती होती. नंतर कळलं की ते भ्यायचं कारण केव्हाच गेलंय, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस पण प्रचंड ताणाखाली होता असंच आधी धरायचं, आणि जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात तर अशा प्रयत्नाला गुन्हा धरणारं ते जुनं ३०९ कलम नाहीच.

मग श्रावणात कानबाई आली, आमच्याकडच्या देवीचा सण. खान्देशातल्यांना माहीत आहे, रोटाचा प्रसाद भाऊबंदकीने एकत्र बसून खायचा, त्याला नाही म्हणताच येत नाही. पूर्ण घर पंगतीला, गंगाफळाची भाजी, खीर, आणि मी रोट मोडून मोडून ताटाच्या कडेला लपवत होते. रविवार होता, कुठला उपास सांगणार? आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण मला दिसलं की उपास-बिपास काही नाहीये, वार संपले तरी मी खाऊ शकत नाहीये. देवाचाच प्रसाद मी लपवत होते.

त्या रात्री गच्चीवर जाऊन फोन लावला. आधी भाषा निवडायची, मराठी आहे. एका बाई बोलल्या. मी सुरुवातच अशी केली की मला काही झालेलं नाही, मी काही कापून-बिपून घेत नाही. त्या म्हणाल्या बरं, मग काय करता ते सांगा. सांगितलं. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या, त्या माझ्या मनात अजून आहेत: हे केल्यावर सुटल्यासारखं वाटतं का, हे लपवता का, आणि कोणी थांबवलं तर राग येतो का. तिन्हीला हो. मायवर भडकलेले ते तेव्हा आठवलं. मग सरळ विचारलं, मरायचे विचार येतात का, काही ठरवलंय का. इतकं सरळ विचारतात याने मला बरंच वाटलं, म्हणजे हे बोलता येतं तर. ठरवलेलं काही नव्हतं तरी त्या म्हणाल्या तसं कधी वाटलं तर त्याच मिनिटाला फोन करायचा, एकटं राहायचं नाही.

मी विचारलं यालाच सेल्फ हार्म म्हणतात का. त्या म्हणाल्या सगळे डॉक्टर हाच शब्द वापरतील असं नाही, पण शिक्षा म्हणून शरीराला मुद्दाम त्रास देणं आहे ना, मग नावावर अडू नका. मुद्दाम जागणं, तापात काम करत राहणं, जखम भरू न देणं, भिंतीवर बुक्क्या मारणं, काय व्हायचं ते होऊ दे म्हणून गाडी हाणणं, असं कितीतरी रूपात येतं. मला माझा चुलतभाऊच आठवला, दोन वर्षं कापूस गेला तेव्हापासून तो धुळे हायवेला बिनहेल्मेट बुंगाट जातो आणि आम्ही सगळे म्हणतो पोरगं मस्तीखोर आहे. पोरांना मस्ती आणि पोरींना भक्ती, असं खातं लावून ठेवलंय आपण.

पुढे धुळ्याला मानसोपचार ओपीडीला जायला लागले. तासाभराचा रस्ता, एसटीत बायांना अर्ध तिकीट आहे म्हणून परवडतं. पहिल्या दिवशी केस पेपर, रांग, बाकावर ओळखीचं कोणी भेटतं का म्हणून ओढणी तोंडावर, दोन तासांनी नंबर आणि आत दहा मिनिटं. चिडून परत येणार होते. पण काउन्सेलिंगची वेगळी वेळ दिली, तिथे निवांत बोलता आलं. गोळ्या पण दिल्या, परिणाम जाणवायला काही आठवडे जातात हे आधीच सांगितलं होतं म्हणून मधेच सोडल्या नाहीत. उपास एकदम बंद कर असं कोणी म्हणालं नाही. मायसोबत बसून ठरवायचं की कोणते उपास खरे, तर आषाढी आणि महाशिवरात्र ठेवले, त्या दिवशी भगर, साबुदाणा, दाण्याची आमटी पोटभर खायची.

नानांना सांगणं सगळ्यात जड गेलं, महिना घेतला मी. ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं, बेसिनमधल्या गोळ्यांसकट. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हिशोबात पैसे कमी भरले तर कंडक्टर खिशातून भरतो, मी पण भरलेत. पण दुसऱ्यानं चोरलेलं उपाशी राहून भरायचं, असं कोणत्या डेपोत चालतं?" मग आत गेले आणि मायला म्हणाले, "भाकरी टाक, मी बी जेवस."

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दोनदा परत चार-चार दिवस जेवण सुटलं, एकदा नव्या नोकरीत कॅश जुळली नाही म्हणून, एकदा काहीच कारण नसताना. पहिल्या वेळी लपवलं, दुसऱ्या वेळी १४४१६ ला फोन केला.

गोळीची बाटली आता नानांच्या ताब्यात आहे. शंभर गोळ्या, उघडल्याची तारीख झाकणावर बॉलपेनने. सकाळी सहाला पाण्याचा तांब्या आणि एक गोळी, आणि महिन्याच्या शेवटी पेपर पसरून गोळ्या मोजतात, जुन्या बॅगेतली चिल्लर मोजायचे तशाच, पाच-पाचच्या ढिगाने. मागच्या महिन्यात ते तीन दिवस भावाकडे पुण्याला गेले होते. आल्यावर मोजलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "६१ पाहिजे होत्या, ६३ आहेत. बोल."

मी स्टूल ओढलं आणि बसले.