न जळलेल्या टिकल्या

नेमबाजीच्या रेंजवर सहा बार काढले, चक्र बाहेर घेतलं, रिकामी कवचं ढकलून टाकली, नवीन सहा भरले आणि चक्र आत लोटलं तर ते नीट बसेना. जोर लावून बसवलं तर फिरेना. उजेडात धरून बघितलं तेव्हा दिसलं, कवचं बाहेर ढकलणारी जी चांदणी असते तिच्याखाली दारूची एक करडी टिकली अडकलेली. तिळाच्या निम्मी असेल. रिव्हॉल्व्हरसारखं दणकट यंत्र अडवायला तेवढी पुरते.

मग टेबलाकडे लक्ष गेलं. नळीच्या समोर अशा टिकल्यांचा सडा पडला होता. बाहीवर होत्या, मनगटावरच्या केसांत होत्या. घरी आल्यावर बायकोने शर्ट झटकला आणि विचारलं, "अहो, खिशात हे काय? खसखस आणलीत का?"

मी अमेरिकेत ओहायोत राहतो आणि गेली सात-आठ वर्षं माझी काडतुसं मीच भरतो. इथे स्वतःच्या वापरापुरती भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे, तिथे परवान्याशिवाय असलं काही करणं सरळ गुन्हा, तेव्हा गावाकडच्या मित्रांनी हे नुसतं वाचावं. कोल्हापुरात फोन केला की कुणीतरी हमखास विचारतं, "मग काय, स्वप्नील कुसाळेसारखं का?" तसं नाही. त्याने पॅरिसला ज्या प्रकारात पदक मिळवलं त्यात पॉइंट बावीसची काडतुसं असतात. त्यांचा पेटता मसाला कवचाच्या काठातच भरलेला असतो, म्हणून ती एकदा वापरली की संपली. माझी ३८ स्पेशलची कवचं पुन्हा पुन्हा भरता येतात. वापरलेला प्राइमर काढायचा, नवा बसवायचा, दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबायची. प्राइमर म्हणजे दिवाळीतल्या टिकलीचा थोरला भाऊच. (आईला एकदा फोनवर सांगितलं, "आत्ता दारू मोजतोय, नंतर बोलतो." पुढचे दोन दिवस थोरला भाऊ मला फोन करत होता.)

तर, दारू जळत का नव्हती?

आधी खात्री केली की ही खरंच न जळलेली दारू आहे, नुसती काजळी नव्हे. रेंजवरून कागदाच्या घडीत चिमूटभर आणली होती. अंगणात एका बशीत ठेवली आणि लांब काडीने पेटवली. भस्सकन पिवळी ज्वाला आली आणि संपली. म्हणजे चांगली दारू होती. ती नळीतून तशीच बाहेर फेकली जात होती.

बिनधुराची दारू दाबाखाली जळते. दाब जितका चढेल तितकी ती भरभर पेटते, आणि दाब पडला की अर्धवट जळालेले दाणे विझून वाऱ्याबरोबर निघून जातात. घरातला दाखला म्हणजे कुकर. रिंग सैल झाली की गॅस कितीही मोठा करा, डाळ बोटचेपी होत नाही. त्यातून ३८ स्पेशल जुनं काडतूस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काळ्या दारूच्या हिशेबाने त्याचं कवच लांब ठेवलं. आजची दारू त्यात निम्मंही भरत नाही. वरची सगळी जागा पोकळ. दारू कधी प्राइमरपाशी बसलेली, कधी गोळीपाशी सरकलेली. शिवाय त्याची दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय, तर तेवढ्याच जाडीची गोळी असलेल्या ३५७ मॅग्नमची ३५,०००. त्यामुळे ३८ मध्ये दोन-चार टिकल्या उरणं मी रोगात धरत नाही. सडा पडणं हा रोग.

दुसरी खूणही होती. रिकाम्या कवचांचं तोंड बाहेरून काळंकुट्ट. दाब पुरेसा असला की पितळ फुगून चक्रातल्या कोठीला (काडतूस बसतं त्या भोकाला) घट्ट चिकटतं आणि वायू मागे येत नाही. माझ्या कवचांवर निम्म्यापर्यंत काजळी चढलेली.

असं झालं की पहिला विचार एकच येतो, दारू थोडी वाढवू. तो करायचा नाही, असं मी मापनयंत्राच्या वर चिठ्ठी लावूनच ठेवलंय. कारण माहीत नसताना दाब वाढवला तर ज्या काडतुसात दोष नाही ते मर्यादेबाहेर जातं. माझं प्रमाण मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आणि कमाल आकड्याच्या मधोमध होतं. आकडा मुद्दाम देत नाही, ज्याने त्याने स्वतःच्या गोळीचा आणि दारूचा छापील तक्ता बघावा. पण कमी करत जाणं सुरक्षित, हाही गैरसमज. मॅग्नमसाठीची एच११० ही दारू तर तीन टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका असं बनवणारेच बजावतात. कमी दाबात गोळी नळीत अडकून बसते, आणि ते न बघता मागून दुसरी झाडली की नळी फुटते. बार नेहमीसारखा न होता 'फुस्स' झाला तर थांबायचं, रिकामं करायचं, नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं.

मी क्रमाने गेलो. दहा मापं तराजूवर घातली, फरक नगण्य. प्राइमर दुसऱ्या पेटीतले घेतले, तोच सडा. थंडी होती हे खरं, पण एप्रिलातही तेच. मग क्रिंपवर संशय घेतला, म्हणजे कवचाचा काठ गोळीच्या खाचेत वळवतात तो. डाय, म्हणजे कवचाला आकार देणारा साचा, अर्धा आटा आवळला, थोडा फरक पडला. आणखी आवळला, तर दोन कवचं क्रिंपच्या खाली फुगली आणि कोठीत जाईनात.

रेंजवर एक निवृत्त टूलमेकर म्हातारबा येतो. माझं नाव त्याला उच्चारता येत नाही, मला 'के' म्हणतो. त्याने माझं एक भरलेलं पण क्रिंप न केलेलं काडतूस घेतलं, गोळीचं टोक बाकाच्या लाकडाला टेकवलं आणि अंगठ्याने मागून दाबलं. गोळी सरकन आत गेली. लोण्यात सुरी जावी तशी.

"क्रिंप हा पट्टा आहे, के," तो म्हणाला. "पँट कमरेला बसत नसेल तर पट्टा किती आवळशील?"

मी काही बोललो नाही. शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर दहावीपासून हात काळे केलेला माणूस मी, आणि एवढे महिने मी मापच घेतलं नव्हतं.

घरी येऊन मायक्रोमीटर काढला. कवच आकसल्यावर त्याचं तोंड किंचित मोठं करायला एक पोलादी प्लग आत जातो, एक्सपांडर. तो भरला ०.३५७५ इंच. माझ्या जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर तांब्याचं वेष्टण असलेल्या गोळ्या ०.३५७. गोळीपेक्षा प्लगच अर्धा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड! शिशाच्या ओतीव गोळ्या ०.३५८ असतात, त्यांना तो चालून जातो. माझ्या गोळीला, प्लग निघाल्यावर पितळ जेवढं परत आकसेल तेवढीच काय ती पकड. आणि ज्या कवचांची भिंत पातळ, तिथे तीही नाही. म्हणजे प्राइमर पेटला की दारू नीट पेट घ्यायच्या आत गोळी जागा सोडत होती आणि दाब पडत होता. रिंग सैल.

प्लग लेथच्या चकमध्ये धरला. आधी बारीक एमरी, मग तेल लावून झिरो पेपर. पोलाद कडक, उतरायला वेळ घेतं, आणि प्लग हाताला गरम लागतो तेव्हा माप खोटं येतं. थंड होऊ द्यायचा, पुसायचा, मोजायचा, पुन्हा लावायचा. अडीच थाऊ उतरवायला सगळा शनिवार गेला. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली. संध्याकाळी ०.३५५ आला, आरशासारखा.

पकड वाढली की त्याच दारूत दाब वाढणार, म्हणून मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यावर परत आलो आणि तिथून पायरी पायरीने चढलो. क्रिंप पुन्हा हलकी केली. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा बारांत वेगाचा फरक आधी सेकंदाला शंभराच्या वर फूट असायचा, आता चाळीसच्या आत आहे. आणि हे जुन्या प्रमाणापेक्षा कमी दारूत. कवचांचं तोंड जेमतेम काळं होतं. टेबलावर टिकल्या मोजून पाच-सहा. चांदणीखाली दर सहा बारांनंतर ब्रश फिरवतो आणि कवचं ढकलताना नळी आभाळाकडे ठेवतो, म्हणजे उरलेसुरले दाणे चांदणीखाली न जाता खाली पडतात.

डायच्या डब्यात आता दोन प्लग आहेत. ओतीव गोळ्यांसाठी जुन्या मापाचा एक नवीन मागवला. घासलेल्यावर मार्करने 'जॅकेट' लिहिलंय, मराठीत, म्हणजे म्हातारबा उसना मागायला आला तरी त्याला वाचता येणार नाही.