घट कोणाच्या पदरात?

पहिल्या वाटपाच्या दिवशी शेवटची पिशवी काट्यावर ठेवली तेव्हा आकडा आला २ किलो ६०० ग्रॅम. यायला हवे होते ५ किलो. पार्किंगमध्ये ताडपत्रीवर तीन रिकामी पोती पडली होती, कडेला ज्वारीच्या भरलेल्या पिशव्यांची रांग, आणि आम्ही सात-आठ जणी त्या आकड्याकडे बघत उभ्या. ती पिशवी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची होती. त्या म्हणाल्या, "असू दे गं, आम्ही दोघंच तर आहोत." पण पैसे त्यांनीही पाच किलोचेच भरले होते.

डोंबिवलीत आमची आणि शेजारच्या दोन इमारतींमधली मिळून चौदा घरं थेट शेतकऱ्याकडून धान्य आणतो, त्याला आता तीन वर्षं होतील. कोणी ऐकलं की पहिला प्रश्न येतो, काय भाव पडतो? दुसरा, त्या शेतकऱ्यांचा नंबर मिळेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आमचा गट दोनदा मोडायला आला होता आणि दोन्ही वेळा कारण भाव नव्हतं. कमी पडलेलं, खराब निघालेलं कोणाच्या वाट्याला जाणार, हे ठरलेलं नव्हतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

माझं लहानपण पार्ल्यात गेलं. घरांनी एकत्र येऊन महिन्याचं सामान घ्यायचं, ही रीत चालवणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचा जन्म १९७५ च्या गुढीपाडव्याचा. तिच्यातलाच आमच्या गल्लीतल्या बायकांचा ग्राहक संघ होता. महिन्याचं सामान कोणा एकीच्या घरी उतरायचं आणि तिथून घराघरात वाटलं जायचं. आईच्या हातात यादी असायची, आमच्याकडे साबणाच्या वड्या मोजायचं काम. त्या दिवशी दुकानातून सामान आणल्यासारखं वाटायचंच नाही, घरचं कार्य असल्यासारखं वाटायचं. लग्नानंतर डोंबिवलीला आले, नोकरी, लोकलचा प्रवास, आणि धान्य मोबाइलवरून मागवायची सवय लागली. एकदा महागडी ज्वारी मागवली. भाकरी थापली की चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत कडा सुटायच्या. ऑफिसातली सोलापूरची मैत्रीण म्हणाली, "ताई, ही ज्वारी नवी नाही आणि मालदांडी वाणाची तर नाहीच नाही. मी तुम्हाला मंगळवेढ्याची आणून देते." तिने आणलेल्या दोन किलोची पहिली भाकरी टम्म फुगली आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे सुरू झालं.

मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. मैत्रिणीच्या ओळखीच्या एका शेतकरी दादांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, "द्यायला देतो, पण पाच-दहा किलो पाठवायला नाही परवडत. तीन पोती घेत असाल तर बोला." तीन पोती म्हणजे दीडशे किलो. माझ्या घरी महिन्याला चार किलो लागते. म्हणजे घरं जमवणं आलं.

घरं जमवायला दोन आठवडे लागले. दारोदार गेले, कारण व्हॉट्सअॅपवर टाकलं की सगळे अंगठा दाखवतात आणि पैसे मागितले की गप्प होतात. प्रत्येकीला पाच किलोचा एक नग धरला. काहींनी दोन घेतले, काहींनी तीन, असे तीस नग झाले. पैसे आगाऊ घेतले, कारण दादांना आम्ही अनोळखी होतो. माल ट्रान्सपोर्टने आला. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'टू-पे' लिहिलेलं, म्हणजे भाडं आपण गोडाऊनवर भरायचं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. वर हमाली, वर टेम्पो. ते सगळं किलोमागे वाटून घेतलं. पुढे कामाला आलेली एक माहिती इथेच सांगते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्या-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, त्यावरच्या वजनाच्या पोत्याला तो नाही. त्यामुळे आम्ही डाळ-तांदूळही तीस किलोच्या कट्ट्यातच घेऊ लागलो. एकट्या घराला हा कट्टा जड जातो, चौदा घरांना नाही.

आता त्या २ किलो ६०० कडे येते. त्या रात्री मी वही घेऊन बसले. पोत्यावर ५० किलो लिहिलेलं असतं ते भरल्या पोत्याचं वजन. रिकामं बारदान काट्यावर ठेवलं तर ६०० ग्रॅमच्या आसपास भरलं. तीन पोत्यांचे झाले १ किलो ८००. उरलेले ६०० ग्रॅम आमच्या हातून गेले होते. पिशवी भरताना आकडा पाचावर आला की आम्ही वर आणखी एक चिमूट टाकायचो. काटा बरोबर पाचावर थांबवणं कद्रूपणाचं वाटायचं. एकोणतीस पिशव्यांत वीस-वीस ग्रॅम जास्त गेले. आमच्या सगळ्यांच्या उदारपणाचे पैसे एकट्या काकूंनी भरले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाट्यातली ज्वारी काकूंना नेऊन दिली. त्यांनी घेतली नाही. मीही ठेवून आले. पण ही काही रीत नव्हे, हे दोघींनाही कळत होतं.

जूनमध्ये तूरडाळ मागवली. ती शेतकऱ्याकडून नाही, बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून, कारण दादांकडे डाळ नव्हती. नमुना पाहिला तो सुंदर होता. आलेल्या दोन कट्ट्यांपैकी एक बरा, दुसऱ्यात टोके, म्हणजे धान्यातले किडे. चाळलं तर डाळीला भोकं आणि तळाला पीठ. व्यापारी म्हणाला, कट्टा उघडला की परत घेत नाही. ज्यांच्या वाट्याला दुसरा कट्टा आला त्यांनी पैसे परत मागितले. द्यायचे कुठून? पहिला कट्टा मिळालेल्यांचं म्हणणं, आमचा काय दोष. तीन तास बैठक चालली, आवाज चढले, पाच घरं गटातून बाहेर पडली. त्यांच्यापैकी एक माझी जवळची मैत्रीण होती. तिचा राग मला आजही बरोबर वाटतो. आम्ही एकत्र विकत घेत होतो, पण तोटा मात्र ज्याचा त्याला सोसायला लावत होतो.

मग कोणीतरी सुचवलं की वाटपासाठी एका मुलाला पैसे देऊ, तो मोजून पिशव्या दारात ठेवेल. आम्ही थकलो होतो, लगेच मान्य केलं. मुलगा प्रामाणिक होता आणि काटेकोर होता. तरी तक्रारी दुप्पट झाल्या. यात खडे आहेत, हे वजन कमी वाटतं, मला कण्या जास्त आल्या. स्वतः ताडपत्रीवर बसलेल्या बाईला पोत्याच्या तळाशी कणी असते हे दिसतं आणि ती ते सोडून देते. दारात बंद पिशवी मिळालेली बाई गिऱ्हाईक असते. गिऱ्हाइकाने तक्रार करावीच, त्यात तिचं काही चुकत नाही. पण मग आमचा गट म्हणजे एक दुकान झालं, आणि तेही वाईट चालणारं.

सप्टेंबरमध्ये मी साताऱ्याकडे माहेरच्या गावी गेले. माळ्यावर आजीची पितळी पायली होती. चार शेरांची एक पायली. आत्या सांगत बसली. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. आणि घरात रोज भाकरीचं पीठ काढताना एक मूठ बाजूच्या मडक्यात पडायची, त्यातून दारी आलेल्याला द्यायचं. तिच्या सासऱ्यांच्या पिढीला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी गोळा होणारी मूठ आठवायची. मूठमूठ धान्यावर मुलं जेवली आणि शिकली. मी हे सगळं लहानपणी कितीदा ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र पायली मांडीवर घेऊन मी त्या दोन किलो सहाशेचा विचार करत होते.

परत आल्यावर उरलेल्या नऊ घरांची बैठक घेतली आणि एवढंच मांडलं. वाटपाला पैसे देणं बंद. दर महिन्याला तीन घरं पाळीने ताडपत्रीवर बसणार, नोकरी करणाऱ्यांसाठी वाटप रविवारी. पोतं उघडण्याआधी बारदान वजा करून निव्वळ वजन वहीत लिहायचं. आणि पिशव्या भरायच्या आधी, प्रत्येक नगामागे एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. ज्वारीची माझी मूठ साठ-सत्तर ग्रॅमची भरते. तीस नगांना दोन किलो होतात. जी काही घट येईल, कणी, खडे, सांडलवंड, झुकतं माप, ती या डब्यातून भरायची. माल खराब निघाला तर पैशाचं नुकसान सगळ्या घरांनी नगांप्रमाणे वाटून घ्यायचं, कोणता कट्टा कोणाकडे गेला ते बघायचं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या दादांनी विचारलं, "म्हणजे सगळ्यांनाच थोडं कमी मिळणार?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "मग हरकत नाही." बाहेर पडलेल्या पाचांपैकी चार घरं दिवाळीनंतर परत आली, पुढे एक नवं घर आलं. माझी मैत्रीण परतलेल्यांत आहे.

संस्था नोंदवावी का, यावरही बराच खल झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात, ती आमच्याकडे होती. पण मग उपविधी, दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, निवडणूक, दप्तर. चौदा घरांना तो भार पेलणार नाही असं आम्ही ठरवलं. शंभर घरं झाली तर नोंदणी केलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे, कारण तेवढा पैसा केवळ विश्वासावर ठेवू नये. सध्या एकीच्या नावे वेगळं बचत खातं आहे आणि दर वाटपाच्या दिवशी त्याची नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाते.

एक नियम मात्र मला अजून टोचतो, आगाऊ पैशांचा. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी १८४४ मध्ये मिळून सहकारी दुकान काढलं, तेव्हा त्यांनीही उधारी ठेवली नव्हती. उधारीने कितीतरी भांडारं बुडाली, त्यामुळे त्यांचं बरोबरच होतं. पण गेल्या वर्षी आमच्यातल्या एका घरातल्या कर्त्याचा पगार थांबला आणि त्या घराची यादी आली नाही. विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "या महिन्यात आहे आमच्याकडे." नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा मी पाहिला होता.

उधारी द्यायची तर वहीत नाव लिहावं लागतं आणि त्या नावाला त्या तयार झाल्या नसत्या. तोवर मुठीच्या डब्यात घट भरून उरलेलं धान्य साठायला लागलं होतं. आम्ही ठरवलं की उरलेला डबा माझ्या दाराबाहेरच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवायचा, कुलूप नाही, शेजारी माप आणि कागदी पिशव्या. ज्याला लागेल त्याने घ्यावं, विचारू नये, लिहू नये. तांदळात तमालपत्र घालून ठेवलं, ज्वारीत कडुनिंबाचा पाला. पहिले तीन महिने कोणी हात लावला नाही. मी रोज सकाळी बघायचे, मग बघणंच बंद केलं, कारण बघणाऱ्या माणसाच्या दारातून कोण काय नेणार? मी ऑफिसला जाते ती वेळ सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात एकदा पाला बदलायला डबा काढला तर तो हलका लागला.

आता वाटपाच्या रविवारी मुलंही येतात. पहिली पिशवी काट्यावर गेली की काकू मोठ्याने म्हणतात, "लाभ!" आणि मुलं मागून "दोन, तीन" करत जातात. बारदानं आम्ही झटकून, घडी करून शेतकरी दादांना परत पाठवतो, त्यांना पुढच्या वर्षी उपयोगी पडतात. यंदा तांदूळ घेताना जुना की नवा यावर तासभर चर्चा झाली. नवा इंद्रायणी चिकट होतो म्हणून निम्म्या घरांना नको होता, शेवटी दोन्ही आणले.

मागच्या आठवड्यात कपाट पुसायला घेतलं. ज्वारीच्या डब्यात वर एक पुरचुंडी होती, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेली. सोडून पाहिली तर आत नाचणी, अर्धा किलोभर, स्वच्छ निवडलेली. आमच्या यादीत नाचणी कधीच नव्हती. गाठ पुन्हा बांधली आणि खालच्या फळीवर तिच्यासाठी वेगळा डबा ठेवला.