तांब्याची तार

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे एक काका पुतण्याच्या टेम्पोतून आपल्या होडीचं मशीन घेऊन आले. 8 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक, वरच्या कव्हरचा रंग उडालेला. 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी संपून काही दिवस झाले होते, पण आमच्याकडे बरेच जण दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. त्यामुळे तो आठवडा माझ्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते.

"दोरी तुटली. तेवढी घाल आणि दी. परवा फाटेक दर्यात जावचा हा."

मशीन ओढून चालू करायची ही दोरी बदलायचं काम तासाभराचं. ती ज्यात गुंडाळलेली असते त्या स्टार्टरचे 3 बोल्ट काढायचे, तो अख्खा उचलून टेबलावर उलटा ठेवायचा. मी त्याआधी प्लगची कॅप काढतो, कारण फ्लायव्हील चुकून फिरलं तर इंजिन चालू होता कामा नये.

तुटलेला तुकडा हातात घेतला. ती स्टार्टरची दोरी नव्हतीच, जाळ्याची प्लॅस्टिकची दोरी होती. आणि तुटली होती ती गाठीजवळ नाही, मधेच, कातरल्यासारखी. दोरी जिथून बाहेर येते त्या भोकातली बुशी, म्हणजे आतलं कडं, झिजून तिला धार आली होती. मी नुसती नवी दोरी घातली असती तर तीही महिन्याभरात तिथेच गेली असती. आधी बुशी बदलली.

दोरी जिच्यावर गुंडाळते ती चकरी काढताना मी नेहमी चष्मा आणि जाड हातमोजे घालतो. खाली गुंडाळलेली स्प्रिंग एकदा उसळली की पात्यासारखी लागते. माझ्या अंगठ्यावर तिची खूण आहे. या वेळी ती जागेवरच होती, पण आतल्या टोकाचा वळवलेला आकडा मोडला होता. हँडल घट्ट बसावं म्हणून कुणीतरी तिला जास्त वेढे दिले असणार. दोरी पूर्ण ओढली की स्प्रिंगला पुढे जायला जागाच उरत नाही आणि सगळा झटका त्या आकड्यावर येतो. मी फक्त टोकाचा बोटभर भाग गॅसवर लाल केला आणि पकडीने नवा आकडा वळवला. बाकीच्या पट्टीला आच लागू द्यायची नाही, तिचा पीळ गेला की ती मेली.

स्प्रिंग बाहेरून आत गुंडाळत बसवली, ग्रीस लावलं. 5 मिलिमीटरची विणीव नायलॉन दोरी घेतली, दोन्ही टोकं लायटरवर वितळवली, चकरीच्या खाचेत गाठ बसवली. चकरीला 4 वेढे देऊन दोरी सोडली. मग दोरी पूर्ण ओढून धरली आणि चकरी हाताने आणखी फिरते का पाहिलं. अर्धा वेढा तरी शिल्लक लागतो. होता.

स्टार्टर परत बसवताना मला ती तार दिसली.

स्टार्टरच्या कडेला एक छोटी खिट्टी असते. गिअरच्या दांड्यापासून तिच्यापर्यंत एक बारीक केबल येते. मशीन न्यूट्रलला नसेल तर ही खिट्टी चकरीत अडकते आणि दोरी हलत नाही. इथे केबल कापलेली होती, आणि खिट्टी तांब्याच्या तारेने मागे बांधून ठेवलेली. मिठाने केबल आखडली की न्यूट्रलमध्येही दोरी अडकते. मग भर पाण्यात वैतागलेला माणूस हाच उपाय करतो.

"काका, चालू होताना मशीन उडी मारता काय?"

"मारता मगे. जुना झाला ना. गेल्या वर्षी मी पातीतच उताणो पडलंय."

ते मशीनच्या बाजूला न पडता पातीत, म्हणजे होडीतच, पडले, हे त्यांचं नशीब. दोरी ओढणारा माणूस पातीच्या टोकाला उभा असतो, तोल मागे गेलेला. इंजिन गिअरमध्ये असताना चालू झालं तर पात त्याच्या पायाखालून पुढे निघते, तो पाण्यात, आणि पंखा तिथेच फिरत असतो. शिकाऊ असताना मी स्वतः एका मशीनची खिट्टी अशीच बांधून दिली होती. त्याच हंगामात दुसऱ्या एका होडीवरच्या तरुणाची पोटरी फाटलेली पाहिली. तेव्हापासून मी ती तार कुणाच्याही मशीनवर ठेवत नाही. मीही कधीतरी तेच केलं होतं, म्हणून, हे कुणी केलं, असं मी काकांना विचारलं नाही.

मूळ केबल मालवणात मिळण्यातली नव्हती. काकांना घाई होती. "ऱ्हवांदे ती. माका मशीन व्हया."

"काका, केबल घातल्याशिवाय मी देणार नाय. रात्री बसतंय."

ते गप्प झाले, मग बाकावर बसूनच राहिले. मी मोटरसायकलच्या अ‍ॅक्सिलरेटरची केबल मापाने कापली, टोकाला शिशाचा मणी ओतला, आत ग्रीस भरलं. खरा वेळ गेला तो ती जुळवण्यात. जरा सैल राहिली तर गिअरमध्येही दोरी ओढली जाते, जरा ताणली तर न्यूट्रललाही अडकते. बाहेर पाऊस होता, बंदरावर दुसऱ्या दिवशीच्या नारळ लढवण्याची तयारी चालली होती.

साडेआठला मशीन पाण्याच्या पिंपात उभं केलं. गिअर टाकला आणि हँडल काकांच्या हातात दिलं. त्यांनी ओढलं. दोरी इंचभरही आली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग मी दांडा न्यूट्रलला आणला. दुसऱ्या ओढीला मशीन पेटलं, निळा धूर आला, मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार सुरू झाली. काकांनी बोट त्या धारेखाली धरलं.

"उडी मारूक नाय," ते म्हणाले.

मूळ केबल मी पुढे दिवाळीआधी मागवून बसवली. त्याच्या कितीतरी आधी, पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशी, पुतण्या आपलंही मशीन घेऊन आला. काकांनी पाठवलं होतं. कव्हर उघडलं तर तिथेही तांब्याची तार. त्या श्रावणात मी अशा 4 तारा कापल्या.